मेरीलँडच्या ईस्टर्न शोअरवर गाइडसोबत बदक आणि गूज शिकारीचा वीकएंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेरीलँड, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि न्यू जर्सी येथे राहणारे मराठी मित्र जेव्हा गट करून चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर पाणपक्ष्यांच्या शिकारीला जायचे ठरवतात, तेव्हा त्यांच्याकडून साधारण हेच प्रश्न येत राहतात. हंगामाच्या तारखा आणि पक्ष्यांची मर्यादा दरवर्षी नव्याने ठरते, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची त्या वर्षीची नियमावली वाचणे आवश्यक आहे. व्हिसासंबंधीची उत्तरे माहितीपुरती आहेत. शंका असल्यास इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे.

१. गाइडसोबतच्या वीकएंडमध्ये नेमके काय असते?

वॉशिंग्टनहून चेसापीक बे ब्रिज ओलांडून दीड तासात ईस्टन, चेस्टरटाऊन, केंब्रिज या गावांच्या परिसरात पोहोचता येते. मुक्काम आदल्या संध्याकाळी होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडण्याच्या बरेच आधी, गाइड गटाला घेऊन शेतात किंवा खाडीच्या काठी जातो. बदकांसाठी पाण्याच्या कडेला गवताने झाकलेले लपण असते, ज्याला इथे ब्लाइंड म्हणतात. गूजसाठी, म्हणजे बदकाच्या कुळातल्या मोठ्या पक्ष्यासाठी, बहुधा कापणी झालेल्या मक्याच्या शेतात जमिनीत पुरलेला खड्डा असतो. समोर डिकॉय, म्हणजे नकली पक्षी, मांडले जातात, गाइड शीळ वाजवून थव्यांना बोलावतो आणि पडलेले पक्षी आणण्याचे काम त्याचा कुत्रा करतो. हा कुत्रा लॅब्राडोर तरी असतो किंवा याच प्रदेशात घडलेला चेसापीक बे रिट्रीव्हर, जो १९६४ पासून मेरीलँडचा अधिकृत राज्यश्वान आहे. जागा, डिकॉय, कुत्रा आणि अनुभव गाइडचा असतो. परवाने, नेम आणि कायद्याची जबाबदारी मात्र प्रत्येकाची स्वतःची असते, आणि पुढील बहुतेक उत्तरांचे मूळ याच गोष्टीत आहे.

२. कोणत्या महिन्यात जावे? शनिवार-रविवार धरून चालेल का?

अटलांटिक पट्ट्यात, म्हणजे अटलांटिक किनाऱ्यालगतच्या स्थलांतरमार्गावरील राज्यांत, बदकांचा हंगाम एकूण ६० दिवसांचा असतो आणि राज्य तो तुकड्यांत विभागते. शेवटचा आणि सर्वांत मोठा तुकडा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चालतो. स्थलांतरित कॅनडा गूजचा हंगामही साधारण याच काळात येतो, त्यामुळे दोन्ही एकाच सहलीत हवे असतील तर जानेवारी उत्तम. उत्तरेकडची तळी गोठली की पक्षी खाली उतरतात. ढगाळ हवा आणि वायव्येचा वारा असलेली सकाळ सर्वांत चांगली. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असला, तर पक्षी उंचावरून निघून जातात.

रविवारचे गणित वेगळे आहे. मेरीलँडमध्ये पाणपक्ष्यांची शिकार रविवारी न करण्याचा नियम परंपरेने चालत आला आहे, त्यामुळे गाइड ‘वीकएंड’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा शुक्रवार आणि शनिवार असतात. सुट्टीचा अर्ज त्यानुसार करावा.

३. गाइड कसा निवडावा आणि खर्च किती येतो?

मेरीलँडमध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी पैसे घेऊन गाइडचे काम करणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो. तो पाहायला मागण्यात संकोच करू नये. माणशी दिवसाला काही शे डॉलर पडतात, त्यात राहणे आणि जेवण धरलेले आहे की नाही ते आधी विचारावे. पक्षी आलेच नाहीत तर पैसे परत मिळत नाहीत, आणि ते योग्यही आहे, कारण मोल त्याच्या मेहनतीचे असते. वारा किंवा बर्फ यामुळे बेत रद्द झाल्यास काय, हे मात्र लेखी घ्यावे. चांगल्या गाइडला १५ ते २० टक्के टिप देण्याची पद्धत आहे. ‘मर्यादेइतके पक्षी नक्की मिळवून देतो’ असे सांगणारा गाइड मी तरी टाळेन. त्याचे कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

४. कोणकोणते परवाने लागतात?

राज्याचा शिकार परवाना, राज्याचा स्थलांतरित पक्ष्यांचा स्टॅम्प आणि त्यासोबतची हार्वेस्ट इन्फर्मेशन प्रोग्रॅमची (किती पक्षी मारले जातात याच्या पाहणीची) नोंदणी, आणि वय १६ किंवा अधिक असल्यास केंद्राचा डक स्टॅम्प, एवढे तरी लागतेच. परवाना मिळवण्यासाठी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. तो अभ्यासक्रम शरद ऋतूच्या आधीच उरकावा, कारण नंतर वर्ग भरलेले असतात. अगदी नवख्या व्यक्तीसाठी परवानाधारक प्रौढाच्या सोबतीने शिकार करण्याचा ॲप्रेंटिस परवानाही आहे.

डक स्टॅम्प १९३४ साली सुरू झाला. आज तो २५ डॉलरला मिळतो आणि त्यातील प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यासाठी व राखण्यासाठी जातात. केंब्रिजजवळच्या ब्लॅकवॉटर अभयारण्यासारख्या जागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे २५ डॉलर कुठे जातात ते वेगळे सांगावे लागत नाही. कागदी स्टॅम्प घेतला तर त्यावर शाईने सही केल्याशिवाय तो ग्राह्य धरला जात नाही. आता इलेक्ट्रॉनिक स्टॅम्पही पूर्ण हंगाम चालतो.

५. मी एच-१बी व्हिसावर आहे. मला बंदूक हातात घेता येते का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वांत गंभीर प्रश्न आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, म्हणजे १८व्या शीर्षकातील कलम ९२२ नुसार, तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे त्यात येतात. मात्र त्याच कलमात अपवाद आहे: अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना ज्याच्याकडे आहे, त्याला ही मनाई लागू होत नाही.

याचे व्यवहारातील अर्थ नीट समजून घ्यावेत. पहिला, परवाना बंदुकीला हात लावण्यापूर्वी हाती हवा. सहलीच्या आदल्या आठवड्यात मित्राच्या बंदुकीने मातीच्या तबकड्यांवर सराव करायचा असेल, तरीही तो तेव्हा वैध असला पाहिजे. दुसरा, ‘बाळगणे’ म्हणजे मालकी नव्हे. मित्राने क्षणभर धरायला दिलेली बंदूकही त्यात येऊ शकते. तिसरा, परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, मग तुम्ही विकत घेतलेली बंदूक कपाटात कुलपात का असेना. म्हणून एच-१बीवरील मित्रांना माझा स्पष्ट सल्ला असा असतो की बंदूक विकत घेऊ नये, गाइडची वापरावी आणि परवान्याची प्रत अंगावर ठेवावी. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई नाही. ज्यांचा स्टेटस संपलेला आहे त्यांना शिकार परवान्याचा अपवाद वाचवत नाही, आणि ज्यांचा अर्ज मध्येच अडकलेला आहे त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीच्या जवळही जाऊ नये.

६. भारतातून आलेले आई-वडील सोबत येऊ शकतात का?

बघायला म्हणून येऊ शकतात (प्रश्न १७ पाहावा). बंदूक हाती घ्यायची असेल, तर बी-२ व्हिसालाही प्रश्न ५ मधील नियम जसाच्या तसा लागू आहे. पहाटेची थंडी आणि चिखलातली चाल मात्र सत्तरीच्या माणसासाठी सोपी नाही.

७. बंदूक आणि काडतुसे कोणती लागतात?

बहुतेक गाइड बारा बोअरची पंप किंवा सेमी-ऑटोमॅटिक बंदूक वापरायला देतात. दहा बोअरपेक्षा मोठी बंदूक चालत नाही (बोअरचा आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी). बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे मावली पाहिजेत, म्हणून मॅगझिनमध्ये लाकडी किंवा प्लॅस्टिकचा अडसर घातलेला असतो. तो आहे ना, हे स्वतः पाहावे.

शिशाच्या छर्ऱ्यांवर पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर बंदी आहे. चिखलात पडलेले छर्रे बदके खड्यांसोबत गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने हळूहळू मरतात, हे त्यामागचे कारण. पोलाद, बिस्मथ किंवा टंगस्टनचे छर्रे चालतात. बदकांसाठी साधारण दोन नंबरचे आणि गूजसाठी त्याहून मोठे, बीबी आकाराचे पोलादी छर्रे लोक घेतात. शिशाचे काडतूस नुसते जवळ असले तरी गुन्हा होतो. तबकड्यांच्या सरावाला घातलेल्या कोटाच्या खिशात विसरलेले एक काडतूस दंडाला पुरते, म्हणून निघण्यापूर्वी सगळे खिसे उलटे करून पाहावेत.

स्वतःची बंदूक घेऊन राज्याची हद्द ओलांडणार असाल, तर ती रिकामी, कुलूपबंद आणि डिकीत ठेवावी आणि वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम आधी पाहावा. न्यू जर्सीचे नियम विशेष कडक आहेत.

८. पाच-सहा जण एकाच लपणात असताना अपघात कसा टाळतात?

प्रत्येकाला गोळीबाराची दिशा आखून दिलेली असते. डावीकडच्याने डावीकडचेच पक्षी घ्यायचे, कडेच्याने कडेचे. उडत्या पक्ष्यामागे नळी फिरवत शेजाऱ्याच्या डोक्यापर्यंत न्यायची नाही, मग तो पक्षी हंगामातला सर्वांत मोठा का असेना. बंदुका ठेवण्यासाठी लपणात खाचा असतात. नळी कायम वर आणि पुढे, सेफ्टी लावलेली, बोट चापाच्या बाहेर.

थवा वळतो, पंख ताठ करतो, पाय खाली सोडतो आणि डिकॉयवर उतरू लागतो, तेव्हा खड्ड्यातल्या सगळ्यांचा श्वास रोखलेला असतो. नेमका हाच क्षण धोक्याचा. गाइड ‘घ्या’ म्हणेपर्यंत कोणीही उठायचे नाही, आणि तो ‘थांबा’ म्हणाला की त्याच क्षणी सेफ्टी लावायची, कारण पुढच्या सेकंदाला त्याचा कुत्रा समोर धावत असतो. कुत्रा समोर असताना खाली तरंगणाऱ्या पक्ष्यावर बार काढणे अक्षम्य आहे.

३५ यार्डांच्या पलीकडचे पक्षी सोडून द्यावेत. गूजचा आकार फसवा असतो. तो मोठा असल्यामुळे जवळ वाटतो आणि लांबून मारलेला पक्षी जखमी होऊन निसटतो.

दारूविषयीही विचारले जाते. सगळ्या बंदुका रिकाम्या करून कुलपात जाईपर्यंत थेंबही नको. आदल्या रात्री उशिरापर्यंत बैठक जमवून पहाटे चारला उठणारा मित्रही तितकाच धोकादायक असतो, आणि अशा मित्राला लपणात घेण्यास नकार देणारा गाइड चांगला समजावा.

९. कपडे काय घालावेत?

सुती काहीही नको. ते भिजले की वाळत नाही. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर, वर जलरोधक मंद रंगाचे जाकीट, डोक्याला टोपी आणि दोन जोड हातमोजे. छातीपर्यंतचे रबरी वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरण्याची बूट जोडलेली विजार, बहुधा गाइडकडे भाड्याने मिळतात. वेडर्सवर कंबरेचा पट्टा आवळलेलाच असावा, म्हणजे पडल्यास पाणी आत भरत नाही. होडीत जायचे असेल तर लाइफ जॅकेट अंगावर हवे, कारण जानेवारीच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही.

१०. किती पक्षी मारता येतात? मित्राच्या वाट्याचे मी मारले तर?

बदकांची मर्यादा माणशी दिवसाला एकूण ६ आहे, आणि त्यात मॅलार्ड, ब्लॅक डक, कॅनव्हसबॅक, पिनटेल अशा जातींना स्वतंत्र, कमी मर्यादा असतात, ज्या दरवर्षी बदलतात. कॅनडा गूजबाबत ईस्टर्न शोअरचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. हे पक्षी उत्तर क्वेबेकच्या उंगावा द्वीपकल्पात पिल्ले काढतात. त्यांची संख्या घसरल्यामुळे १९९५ मध्ये त्यांची शिकार पूर्णपणे बंद झाली आणि काही वर्षे बंदच राहिली. २०१८ च्या उन्हाळ्यात प्रजनन फसले, तेव्हा २०१९-२० च्या हंगामात दिवसाला एकच गूज आणि ३० दिवसांचा हंगाम अशी कपात झाली. ज्या गावांची हिवाळी कमाई गूजवर चालते त्यांनीही ती स्वीकारली, आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. स्नो गूजची संख्या उलट इतकी वाढली आहे की त्यांची दैनिक मर्यादा अनेक वर्षे २५ ठेवली गेली.

मित्राच्या वाट्याचा पक्षी मारता येत नाही. ‘आम्ही सहा जण, म्हणजे छत्तीस बदके’ हा हिशोब कायद्यात नाही. ज्याची मर्यादा पूर्ण झाली त्याने बंदूक रिकामी करून बाजूला ठेवावी. प्रत्येकाचे पक्षी स्वतंत्र पट्ट्याला अडकवावेत, एकाच ढिगात टाकू नयेत.

वेळेचीही मर्यादा आहे. सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंतच बार काढता येतो, आणि घड्याळ पाहण्याचे काम फक्त गाइडवर सोडू नये.

११. अंधुक प्रकाशात जात कशी ओळखायची? पांढरा पक्षी म्हणजे स्नो गूजच ना?

नाही. याच खाडीत टुंड्रा स्वान, म्हणजे पांढरे हंस, हिवाळ्याला येतात आणि मेरीलँडमध्ये त्यांची शिकार करता येत नाही. स्नो गूजच्या पंखांची टोके काळी असतात, स्वान पूर्ण पांढरा, खूप मोठा आणि लांब मानेचा असतो. धूसर पिल्लांमुळे मात्र गोंधळ होतो.

बदकांत मादी ओळखणे कठीण असते, कारण बहुतेक माद्या तपकिरी. पंखावरचा चमकता पट्टा पाहावा: मॅलार्डच्या निळ्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी ठळक पांढरी किनार असते, ब्लॅक डकला ती नसते आणि तिचे अंग मॅलार्डपेक्षा बरेच गडद असते. ओळख पटली नाही तर बार काढू नये.

१२. शेतात मका सांडलेला दिसला. त्यावर शिकार चालते का?

तो कसा सांडला यावर ते अवलंबून आहे. नेहमीची कापणी करताना यंत्रातून पडलेले दाणे किंवा उभे पीक असेल, तर चालते. पक्ष्यांना ओढण्यासाठी मुद्दाम टाकलेले धान्य, किंवा न कापता नुसता आडवा पाडलेला मका असेल, तर चालत नाही. तसे आमिष पूर्णपणे उचलल्यानंतरही १० दिवस ती जागा बाद समजली जाते. कबुतरांसाठीचा, म्हणजे डव्हच्या शिकारीचा नियम याहून सैल आहे, आणि त्यामुळेच पुष्कळांची फसगत होते.

कायदा फक्त गाइडला धरत नाही. आमिष आहे हे तुम्हाला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, एवढे सिद्ध झाले तरी तुम्ही दोषी. म्हणून लपणाभोवती फिरून पाहावे, आणि शेत कधी कापले हे गाइडला विचारावे. दर वेळी भरघोस शिकारीची हमी देणाऱ्याच्या शेतात तर नक्कीच पाहावे.

१३. पक्षी जखमी होऊन लांब पडला तर?

तो शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे कायद्याने बंधनकारक आहे. नवे थवे येत असले तरी आधी तो पक्षी. जिवंत हाती लागला तर लगेच मारावा आणि आपल्या मोजणीत धरावा. होडी सुरू असताना त्यातून बार काढता येत नाही. इंजिन बंद होऊन होडीची गती थांबलेली हवी. अनुभवी कुत्र्याशिवाय बोलावणाऱ्या गाइडकडे जाऊ नये, असे मी याच कारणाने म्हणतो.

१४. चुकून मर्यादेपेक्षा जास्त पक्षी मारला गेला तर लपवावा का?

मुळीच नाही. एकाच बारात दोन पक्षी पडणे घडते. तिथेच थांबावे, पक्षी उचलावा आणि गाइडमार्फत नॅचरल रिसोर्सेस पोलिसांना स्वतः कळवावे. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी कायद्यात हेतू नव्हता हा बचाव सहसा चालत नाही आणि शिक्षा १५,००० डॉलर दंड व सहा महिने कैद इथपर्यंत जाऊ शकते. स्वतः सांगणाऱ्याकडे अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतात. व्हिसावरील व्यक्तीने दंडाच्या कागदावर सही करण्यापूर्वी वकिलाशी बोलावे, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात त्या नोंदीविषयी विचारले जाते.

१५. पक्षी घरी कसे न्यायचे? मित्राला दिले तर चालते का?

घरी पोहोचेपर्यंत प्रत्येक पक्ष्याला डोके किंवा पिसांसह एक पूर्ण पंख जोडलेला असला पाहिजे, म्हणजे रस्त्यात अधिकाऱ्याला जात ओळखता येते. नुसत्या छातीच्या मांसाच्या पिशव्या भरून निघू नये. मित्राच्या गाडीत पक्षी ठेवायचे असतील किंवा भेट द्यायचे असतील, तर शिकाऱ्याची सही, पत्ता, पक्ष्यांची संख्या, जात आणि तारीख असलेली चिठ्ठी सोबत लागते. विकता मात्र येत नाहीत, कुठल्याही किमतीला.

१६. घरी कसे शिजवावे? बर्ड फ्लूची भीती आहे का?

काळजी घ्यावी, घाबरू नये. रानपक्ष्यांत एच५एन१ विषाणू आढळतो, म्हणून साफ करताना रबरी हातमोजे घालावेत, आजारी किंवा मेलेला सापडलेला पक्षी घेऊ नये, कच्चे तुकडे कुत्र्याला घालू नयेत, आणि मांस आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे. घरी कोंबड्या पाळणाऱ्यांनी शिकारीचे बूट खुराड्यात नेऊ नयेत.

छर्रे काढताना एक युक्ती उपयोगी पडते: पोलादी छर्रे असतील तर मांसाच्या तुकड्यांवरून चांगले लोहचुंबक फिरवावे. वरवरचे छर्रे चिकटून येतात. खोल गेलेल्यांसाठी जिथे पीस आत ओढले गेलेले दिसते तिथे सुरीने उघडून पाहावे. बिस्मथला चुंबक धरत नाही.

गूजचे मांस गर्द लाल आणि चरबी कमी असलेले, त्यामुळे कोंबडीसारखे शिजवले तर चामडे होते. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावे, मग आले-लसूण, दही आणि मालवणी मसाला लावून मंद आचेवर दोन-अडीच तास झाकून शिजवावे आणि भाजक्या कांदा-खोबऱ्याचे वाटण शेवटी घालावे. तंगड्यांना आणखी वेळ लागतो. सोबत तांदळाची भाकरी.

१७. शिकार न करणारे मित्र किंवा मुले येऊ शकतात का?

नुसते पाहणाऱ्याला परवाना लागत नाही, पण त्याने बंदूक हाताळू नये आणि शीळ वाजवणे, डिकॉय मांडणे अशी मदत करण्यापूर्वी गाइडला विचारावे. अनेक शाकाहारी मित्र केवळ पहाटेचे थवे पाहायला येतात आणि त्यांना ते पुरते. मुलांसाठी हंगामाबाहेर खास युवा दिवस ठेवलेले असतात. त्या दिवशी सोबतच्या प्रौढाला बदकांवर बार काढता येत नाही.

१८. हंगाम संपल्यावरही स्नो गूजची शिकार चालू असते, ते कसे?

स्नो गूजचे थवे आर्क्टिकमधील आपलीच कुरणे उखडून उजाड करू लागल्यामुळे, इतर पाणपक्ष्यांचे हंगाम संपल्यावर विशेष परवानगीने त्यांची संख्या घटवण्यास मुभा दिली जाते. त्या काळात बंदुकीतला अडसर काढता येतो, इलेक्ट्रॉनिक आवाज वापरता येतो आणि सूर्यास्तानंतर अर्धा तासही मिळतो. या सवलती नेहमीच्या हंगामात वापरल्या तर तो गुन्हा होतो. मेरीलँडमध्ये यासाठी वेगळे परमिट घ्यावे लागते.

१९. असे काही महाराष्ट्रात करता येईल का? मांस भारतात नेता येईल का?

दोन्हींचे उत्तर नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात या पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे. मांस, पंख किंवा पेंढा भरलेला पक्षी सामानात घालून भारतात नेण्याचा विचारही करू नये. महाराष्ट्रात हिवाळ्यात पाणपक्षी पाहायचे असतील, तर उजनीच्या काठावरचे भिगवण किंवा २०२० मध्ये राज्याचे पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मध्यमेश्वर येथे जावे. भिगवणला हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब अगदी जवळून दिसतात.

२०. पक्ष्याच्या पायात धातूची कडी सापडली. तिचे काय करायचे?

ती तुमचीच राहते, पण तिच्यावरचा क्रमांक कळवावा. नोंदी ठेवणारी बर्ड बँडिंग लॅबोरेटरी मेरीलँडमध्येच, लॉरेल येथे आहे. क्रमांक, तारीख आणि जागा त्यांच्या संकेतस्थळावर भरली की तो पक्षी कुठे आणि कधी कडी घालून सोडला होता, त्याची माहिती आणि प्रमाणपत्र मिळते. प्रश्न १० मधील मर्यादा ज्या आकड्यांवरून ठरतात, त्यांत अशा नोंदींचा मोठा वाटा असतो, म्हणून कडी जुनी, झिजलेली किंवा अर्धवट वाचता येणारी असली तरी कळवणे टाळू नये.